दोन नकाशे, एक इमारत



इमारतीचे नकाशे संगणकावर कसे जुळवतात, हा विषय जव्हार-मोखाड्याच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मांडावा याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या डोंगरी तालुक्यांत उंच इमारती नाहीत, हे खरे. परंतु उंच इमारती उभारणारे हात येथे पुष्कळ आहेत. दिवाळी झाली, भात-नागली-वरई घरात आली, की पाड्यापाड्यांवरून माणसे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी रेतीच्या कामावर, आणि बरेच जण भिवंडी, ठाणे, वसईकडे बांधकामावर. होळीला गावी येऊन जातात आणि पावसाच्या तोंडाशी कायमचे परततात. तेव्हा शहरातल्या कचेरीत इमारतीच्या कागदावर काय घडते, हा प्रश्न आमच्या दारचाच आहे.

आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की बांधकामातली चूक कोठे सापडते यावर तिची किंमत कोणी मोजावयाची हे ठरते. कागदावर सापडली तर ती रबराने खोडता येते. काँक्रीटमध्ये सापडली तर ती छिन्नीने खोडावी लागते, आणि छिन्नी मजुराच्या हाती असते. गेल्या दीडशे वर्षांत ही चूक कागदावरच सापडावी म्हणून माणसाने काय काय केले, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. वारल्याचे किंवा कोकण्याचे जुने घर पाहा. आधी मेढी रोवावयाच्या, त्यांवर आढे चढवावयाचे, मग वासे टाकावयाचे. नंतर कारवीच्या काटक्यांचा कुड उभा करून त्यावर शेणमातीचा लेप द्यावयाचा. भार मेढी घेतात. कुड फक्त वारा-पाऊस अडवतो. म्हणजे सांगाडा निराळा आणि भिंत निराळी ही कल्पना, जी विलायतेत एकोणिसाव्या शतकात मोठी नवलाई ठरली, ती आमच्या पाड्यांवर पूर्वापार चालत आलेली आहे. फरक एवढाच, की येथे दोन्ही गोष्टी ठरवणारे डोके एक. दार कोठे हवे हे सांगणारा आणि मेढ कोठे रोवावयाची हे ठरवणारा माणूस एकच असल्यावर मेढ दारात येईल कशी?

दगडी बांधकामाचीही तीच गोष्ट. आपल्या जव्हारचा जयविलास राजवाडा, जो राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. दगडी बांधकामात भिंत खोलीही पाडते आणि भारही वाहते. खिडकी ठेवावयाची तर वर कमान किंवा दगडी तुळई हवी, हे कारागिराला निराळ्या कागदावर लिहून द्यावे लागत नाही. त्याचा हातच ते जाणतो. जोवर भिंत आणि आधार एकच होते, तोवर दोन नकाशांची गरज पडली नाही.

ती गरज लोखंडाने आणि काँक्रीटने निर्माण केली. मुंबईत काळाघोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आजही उभी आहे. १८६०च्या दशकातली ही इमारत. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवला गेला, जहाजाने मुंबईस आला आणि येथे जोडला गेला. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. भार सांगाड्याने घ्यावयाचा आणि भिंती नुसत्या भरावयाच्या, ही रीत मुंबईकरांनी तेथे पाहिली. पुढे १८९२ साली फ्रान्समधील फ्रांस्वा एन्नेबिक याने लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि पन्नास वर्षांच्या आत मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या घरांची रांग उभी राहिली.

काँक्रीटच्या पोटातली सळई डोळ्यांना दिसत नाही. ती किती जाड, किती अंतरावर, कोठे वाकवलेली, हे गणितानेच ठरवावे लागते. ते गणित करणारा माणूस एक, आणि घर राहण्यास कसे असावे हे ठरवणारा दुसरा, असे दोन पेशे झाले. त्यांच्या शाळाही निराळ्या. पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, त्यांतूनच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज वाढले. मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा निघाली, तिच्या अंगाने वास्तुकलेचे शिक्षण आले. त्या शाळेतील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली आपला संघ काढला, त्याचीच १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही अखिल भारतीय संस्था झाली. १९७२ साली वास्तुविशारदांसाठी केंद्राचा कायदा झाला. अशा रीतीने एका इमारतीचे दोन कर्ते झाले. कामावर त्यांना आम्ही एकाला आर्किटेक्ट म्हणतो आणि दुसऱ्याला आर.सी.सी. कन्सल्टंट. एकाच्या नकाशात खोल्या, दारे, जिने. दुसऱ्याच्या नकाशात पाया, कॉलम, बीम, स्लॅब. इमारत मात्र एकच बांधावयाची असते.

हे दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर काय होते, ते आम्ही पुस्तकात वाचण्याच्या आधी डोळ्यांनी पाहिले. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याच्या बाजूस एका चार मजली इमारतीवर मोखाड्याकडची अकरा माणसे होती. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला, सेंट्रिंग खोलले, आणि जिन्यात आडवा आलेला बीम दिसला. त्याच्याखालून मोठ्या माणसाला वाकूनच जावे लागे. ठेकेदाराने बीम फोडावयास लावला. सळया न तोडता काँक्रीट फोडणे हे काम किती जिकिरीचे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पाच दिवस छिन्नी-हातोडा चालला. आठवड्याच्या हिशेबाला ठेकेदार म्हणाला, तुमच्या चुकीचे काम, त्याची मजुरी नाही.

त्या माणसांचा निरोप आला तेव्हा आम्ही कामावर गेलो आणि दोन्ही नकाशे मागितले. बऱ्याच बाचाबाचीनंतर ते मिळाले. आर.सी.सी.च्या नकाशात बीम जेथे दाखवला होता तेथेच आमच्या माणसांनी तो ओतला होता. आर्किटेक्टच्या नकाशात जिनाही बरोबर होता. पण कागदाच्या कोपऱ्यात तारीख नंतरची होती. मधल्या काळात जिना सरकला होता, आणि ती खबर दुसऱ्या कचेरीत पोहोचलीच नव्हती. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे होते. ते एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम कोणाचे, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा भुर्दंड बिगाऱ्यावर बसला होता. भांडून आम्ही अर्धी मजुरी मिळवली, अर्धी बुडाली. तेव्हापासून हे नकाशे जुळतात तरी कसे, याचा आम्ही आमच्या परीने अभ्यास करीत आलो.

जुनी रीत पारदर्शक कागदाची होती. एक नकाशा खाली, दुसरा ट्रेसिंग कागदावर काढून त्यावर, खालून उजेड, आणि रेघेवर रेघ जुळते का ते पाहावयाचे. डोळा तयार असला तर पुष्कळ चुका येथेच सापडत. पण कागद सपाट असतो. भिंत आणि कॉलम जुळतात की नाही ते त्यावर दिसे. बीमच्या खाली डोके लागते की नाही ते दिसत नसे, कारण उंचीचा नकाशा निराळ्या कागदावर. शिवाय आर्किटेक्टने एक दार हलवले, की ते मजल्याच्या नकाशात, उभ्या छेदात, दर्शनी नकाशात आणि दारांच्या यादीत असे चार ठिकाणी दुरुस्त करावयाचे, आणि पाचव्या ठिकाणी दुसऱ्या कचेरीत कळवावयाचे. एक जागा राहिली की घोटाळा.

हा घोटाळा केवळ गरीब देशांत किंवा लहान ठेकेदारांकडेच होतो असे कोणी समजू नये. सिडनीचे ऑपेरा हाउस सर्व जगाला ठाऊक आहे. १९५७ साली डेन्मार्कच्या यॉर्न उत्सोन यांचे चित्र स्पर्धेत निवडले गेले. शिडांसारखी छपरे त्या चित्रात होती, परंतु ती उभी कशी राहणार याचे गणित झालेले नव्हते. तरी १९५९ साली बांधकाम सुरू झाले. छपरांचा आकार गोलाच्या तुकड्यांतून काढावा, हा तोडगा १९६१च्या सुमारास निघाला. तोवर खालच्या चौथऱ्याचे कॉलम ओतून झाले होते. ते नव्या छपराचा भार घेण्यास अपुरे ठरले आणि पुन्हा बांधावे लागले. सत्तर लाख डॉलरांचा मूळ अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, आणि १९७३ साली इमारत खुली झाली तेव्हा उत्सोन काम सोडून गेल्याला सात वर्षे झाली होती. इमारत सुंदर झाली यात शंका नाही. पण चित्र आधी आणि गणित मागाहून, याची ती किंमत होती.

दुसरे उदाहरण याहून दुःखाचे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पादचारी पूल छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले होते, एकाखाली एक. मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती. घडवणाऱ्या कारखान्याच्या नकाशात तिच्याऐवजी दोन आखूड सळया आल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. बदल किरकोळ दिसतो. पण त्यामुळे खालच्या पुलाचा भार वरच्या पुलाच्या सांध्यावर आला, आणि तेथील नटावरचा भार दुप्पट झाला. नकाशावर मंजुरीचा शिक्का बसला. गणित पुन्हा कोणी केले नाही. १७ जुलै १९८१ रोजी पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. त्या अभियंत्यांचे परवाने पुढे काढून घेण्यात आले. आमच्या सांगण्यात या उदाहरणाची पुन्हा गरज पडणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

आता संगणकाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर उजेडाच्या लेखणीने रेघा काढण्याची सोय करून दाखवली. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि हळूहळू आपल्याकडील कचेऱ्यांतूनही शाई आणि ट्रेसिंग कागद हद्दपार झाले. परंतु ऑटोकॅडची रेघ ही रेघच होती. भिंतीची रेघ आणि बीमची रेघ यांतला फरक संगणकाला कळत नव्हता. कागद गेला, चूक राहिली.

खरा विचार निराळ्याच वाटेने चालला होता. चार्ल्स ईस्टमन नावाच्या अध्यापकाने १९७५ साली असे मांडले, की नकाशे काढूच नयेत. संगणकात इमारतच उभी करावी. भिंत ही भिंत म्हणून, खांब हा खांब म्हणून, त्याच्या उंचीसह आणि मालमसाल्यासह नोंदवावा. मग मजल्याचा नकाशा, छेद, दारांची यादी ही सर्व त्या एकाच इमारतीची निरनिराळी दर्शने होतील, आणि एके ठिकाणी केलेला बदल सगळीकडे आपोआप दिसेल. त्या काळचे संगणक महाग आणि मंद होते. १९८४ साली हंगेरीतून आर्किकॅड हे त्या धर्तीचे साधन बाजारात आले, २००० साली अमेरिकेतून रेव्हिट आले, आणि २००२ साली ऑटोकॅडच्याच मालकांनी रेव्हिट विकत घेतल्यावर ही रीत सर्वत्र पसरली. अशा संगणकी इमारतीला मॉडेल म्हणतात.

येथे कोणास वाटेल, की मग प्रश्नच मिटला. तो तसा मिटला नाही. कारण आर्किटेक्ट आपले मॉडेल करतो आणि आर.सी.सी. कन्सल्टंट आपले. दोघांची जबाबदारी निराळी, सही निराळी, म्हणून मॉडेलही निराळे. दोन नकाशांच्या जागी दोन मॉडेले आली. त्यांचा मेळ घालण्याची रीत गवंड्यालाही कळावी इतकी सोपी आहे. आपण ओळंबा आणि लाइनदोरी लावतो तशीच ती आहे. प्रथम दोघांनी एकच आरंभबिंदू आणि एकच उत्तर दिशा ठरवावयाची. नाहीतर एकाची इमारत येथे आणि दुसऱ्याची शेजारच्या शेतात. मग कॉलमच्या रेषांचे जाळे आणि मजल्यांच्या पातळ्या एकाने दुसऱ्याच्या मॉडेलमधून उचलावयाच्या आणि त्यांवर पहारा ठेवावयाचा. रेव्हिटमध्ये असा पहारा ठेवण्याची सोयच आहे. आर्किटेक्टने कॉलमची रेषा हलवली, की अभियंत्याच्या मॉडेलमध्ये इशारा येतो, आणि बदल स्वीकारला, नाकारला की पुढे ढकलला हे त्याला ठरवावे लागते. आमच्या जिन्याच्या बाबतीत कळवावयाची राहून गेलेली खबर ती हीच.

यात खाचखळगे आहेतच. आर्किटेक्ट मजल्याची पातळी लादीच्या वर धरतो, अभियंता काँक्रीटच्या वर. मधला फरक दोन-तीन इंचांचा. तो लक्षात घेतला नाही तर जिन्याची पहिली किंवा शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच-ठेंगणी होते. आपल्यापैकी जे गवंडीकाम करतात त्यांनी अशी पायरी पाहिली असेल. ती गवंड्याच्या हाताची चूक असतेच असे नाही. तसेच एकच कॉलम दोन्ही मॉडेलांत असला आणि मोजताना दोनदा धरला, तर काँक्रीटचा हिशेब फुगतो.

यापुढची पायरी म्हणजे दोन्ही मॉडेले एकत्र ठेवून संगणकाला विचारणे, की कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या अंगात घुसली आहे. जिन्यावरचा बीम, दाराच्या चौकटीत आलेला कॉलम, बीमला भोक पाडून जाणारा नळ अशा टकरा तो शोधून देतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांना एकमेकांचे मॉडेल वाचता यावे म्हणून १९९०च्या दशकात एक सामाईक भाषा बनवण्यात आली. आय.एफ.सी. हे तिचे नाव, आणि २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. ब्रिटिश सरकारने २०११ साली जाहीर करून एप्रिल २०१६ पासून आपल्या मध्यवर्ती खात्यांच्या बांधकामांसाठी अशी मॉडेलपद्धती सक्तीची केली. आपल्या महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या कामात मॉडेलला वेळ आणि खर्च यांचीही जोड दिली गेली.

परंतु संगणक टकरा हजारांनी दाखवतो. त्यांतल्या पुष्कळ क्षुल्लक असतात, जसे गिलाव्यात अर्धा इंच शिरलेली नळी. त्यांतली घातक कोणती हे निवडावयास माणूसच लागतो, आणि ती कोणी सोडवावयाची हे ठरवावयास अधिकार लागतो. आता कॅन्सस सिटीची आठवण करा. त्या दोन सळयांची टक्कर कशाशीच होत नव्हती. दोन वस्तू एका जागी आल्या की संगणकाला कळते. एका नटावर दुप्पट भार आला हे केवळ टकरा शोधून कळत नाही. त्यासाठी बदल झाला की गणित पुन्हा करणारा, आणि त्याखाली सही करून ती निभावणारा माणूस पाहिजे. साधन सुधारले म्हणून जबाबदारी संपत नाही, एवढा धडा या इतिहासातून आम्ही घेतो.

आणि जेथे साधनही नाही आणि जबाबदारही कोणी नाही, तेथे काय होते? ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळ येथे लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. तिच्यात कामगारही होते आणि त्यांची मुलेबाळेही. मॉडेलांचा मेळ तर दूरच. त्या इमारतीला परवानगीच नव्हती. आमची माणसे नागपूरच्या मेट्रोसारख्या कामावरही जातात आणि शिळसारख्या कामावरही. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणते काम कोणत्या प्रकारचे, हे विचारण्याची सोय नसते.

म्हणून आमचे म्हणणे मोजके आहे. मॉडेल कचेरीत कितीही जुळले, तरी कामावर कालचा छापील कागद असेल तर मजुराच्या दृष्टीने सारे व्यर्थ. प्रत्येक कामावर चालू नकाशा तारखेसह लावलेला असावा, आणि जुना काढून टाकलेला असावा. काही फोडावयाचे असल्यास हुकूम लेखी असावा, आणि त्यात कारण लिहिलेले असावे. नकाशाप्रमाणे केलेले काम फोडावे लागले, तर करण्याची आणि फोडण्याची अशी दोन्ही मजुरी मिळावी. स्लॅब ओतण्यापूर्वी मुकादमाला, फिटरला आणि सेंट्रिंगवाल्याला ती संगणकी इमारत पडद्यावर दाखवावी. ज्याने शंभर जिने बांधले आहेत, तो डोके कोठे आपटेल ते तेथल्या तेथे सांगेल. हे मागताना आम्ही कोणाची मेहेरबानी मागत नाही. फोडण्याचा खर्च मालकाचाही वाचतो.

तरुणांना एक विनंती. ही मॉडेले बनवण्याचे आणि ताडून पाहण्याचे काम आज मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत पगारावर चालते. शिकलेल्या मुलांनी ते आपले नव्हे असे समजू नये. बापाने जो बीम फोडला, तो मुलीने पडद्यावरच हेरून हलवावा, यात आम्हांस काही अशक्य दिसत नाही.

आपल्या कुडाच्या घरात मेढ दारात येत नसे, कारण ठरवणारा एक होता आणि राहणारा, बांधणाराही तोच होता. आता ते दिवस येणार नाहीत. मोठी इमारत एका डोक्यात मावत नाही. पण ती अनेकांनी मिळून ठरवावयाची असेल, तर त्या अनेकांत बांधणाराही असला पाहिजे.